बोर्डिंगात कागद कोण आणतं

फाटकावर बसणाऱ्या माणसाला गोष्टी गोळा कराव्या लागत नाहीत. त्या समोरून येतात, समोरून जातात, काही मागे राहतात. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत मराठी मुलांचं एक बोर्डिंग होतं. त्याच्या फाटकावर मी बारा वर्षं बसलो. आता चार जण जमले की म्हणतात, दफेदार, सांगा काहीतरी. एक सांगितली की तिच्या मागून दुसरी येते, आणि चहा गार होतो. म्हणून सगळ्या सांगत नाही. पोलीस अ‍ॅक्शनच्या आगेमागे जे घडलं, तेवढंच सांगतो.

माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. उर्दू अक्षरं नोकरीत शिकलो. आधी एका जहागीरदाराच्या देवडीवर दफेदार होतो, म्हणून बोर्डिंगातही दफेदारच राहिलो. माझं काम दोन ओळींचं. कोण बाहेर गेला, कशासाठी गेला, केव्हा परत आला ते वहीत लिहायचं. आणि सातला फाटक लावायचं.

पोरं बावीस होती, सगळी मेडिकलची. पाच मराठी जिल्ह्यांतून मेडिकलला बोटांवर मोजण्याइतकी मुलं घेत. प्रत्येकजण आपल्या शाळेत पहिला आलेला. गावाने हार घालून गाडीत बसवलेला. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी कळायचं की इथे सगळेच पहिले आहेत. तिथून पोरगं बदलायला लागायचं.

त्या वर्षी वकीलसाहेबांनी मला आत बोलावलं. वकीलसाहेब म्हणजे बोर्डिंगचे सेक्रेटरी. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "दफेदार, आपल्या बोर्डिंगातून कागद जातायत."

"कसले?"

"हिंदुस्थानात सामील व्हा असं छापलेले. शहरात वाटले जातात. अमीनला वास लागलाय."

अमीन म्हणजे आमच्या राज्यातला फौजदार. त्याला वास लागला म्हणजे तो येणार, हे मला सांगायला नको होतं.

"एका पोराजवळ सापडला तर बावीसही नावं कॉलेजातून काटतील. बोर्डिंगला कुलूप. अमीनच्या आधी तुम्ही शोधा."

"शोधून काय करू?"

"मला सांगा. मी त्याला गावी पाठवतो. एकाची जागा जाईल, एकवीस वाचतील."

मी म्हटलं, आठ दिवसांत सांगतो. माझी नजर चुकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

*

आधी पंगतीची रीत सांगतो. सहामाहीचा निकाल लागला की जेवणाचे पाट बदलायचे. ज्याचे मार्क जास्त तो स्वयंपाकघराच्या दाराशी, मग तो कोणत्याही वर्षाचा असो. गरम पोळी आधी त्याला. सगळ्यात कमी मार्कांचा हौदाजवळ, तिथवर पोळी पोचेपर्यंत ती वातड होई. ही रीत कोणी घालून दिली नव्हती, पोरांनीच घातली होती. हौदाजवळ बसणारासुद्धा कधी तक्रार करायचा नाही. तो फक्त भराभर जेवायचा.

दाराशी बसायचा नरहर. औरंगाबादचा, तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या. माझा पहिला संशय त्याच्यावर. पहाटे सगळी निजलेली असताना तो गच्चीवर जायचा. जाताना सदरा पोटावर ताठ असायचा, आत कागद असल्यासारखा.

एका पहाटे मी मागोमाग चढलो. माझी चाहूल लागताच तो कागदांवर बसला.

"ऊठ."

"नाही उठणार."

"नरहर, ऊठ म्हणतो."

तो उठला. कागदांवर हाताची हाडं, पायाची हाडं, बारीक अक्षरात नावं. छापलेलं काहीच नाही.

"दफेदार, पाया पडतो, कोणाला सांगू नका."

"काय सांगू नको?"

"मी पहाटे उठून वाचतो ते. सगळ्यांना वाटतं, मी न वाचता पहिला येतो."

देवडीवर मी चोर पकडलेत. पण असा घामाघूम झालेला माणूस पाहिला नव्हता.

*

दुसरा संशय माधववर. नांदेडचा, तोंडाळ, हसरा. पुस्तक हातात घेतलेला कोणी पाहिला नव्हता. प्रोफेसरांच्या नकला अशा करायचा की स्वयंपाकीसुद्धा कालथा ठेवून बाहेर येई. कॉलेजात तेव्हा सगळं उर्दूतून शिकवत. माधव एकेका प्रोफेसरचं उर्दू उचलून आणायचा आणि पंगतीत वाढायचा.

दर रविवारी वहीत त्याची एकच ओळ असे: नल्लकुंटा, मामाकडे.

मला हे पटेना. मामाकडून येणारं पोरगं हात हलवत येत नाही. काही खाऊन येतं, काही बांधून आणतं. हा परत आला की दोन माणसांचं जेवायचा.

त्या रविवारी मी मागे मागे गेलो. नल्लकुंट्यात एका घराच्या ओसरीवर म्हातारे मुन्शीजी खुर्चीत बसलेले, पुढे सतरंजीवर सहा-सात वर्षांची पोरं पाट्या घेऊन. त्या पोरांच्या ओळीत शेवटी माधव, मांडी घालून. त्याच्याही हातात पाटी.

मी मुन्शीजींना विचारलं, "आप इनके मामू हैं?"

"मामू? नई जी. बच्चे की उर्दू कच्ची है, मैं पक्की कर रा हूँ."

माधव माझ्यामागून गल्लीच्या टोकापर्यंत धावत आला.

"दफेदारकाका, वहीत मामाच राहू द्या. मेडिकलला घेतलेला मुलगा शिकवणीला जातो हे कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

त्याच संध्याकाळी पंगतीत त्याने प्रोफेसरची नवी नक्कल केली. सगळे हसले. मी हसलो नाही. उच्चार फार चोख होते.

*

सातव्या खोलीत दोघे राहत. एका ताटात जेवणारे दोस्त. एक जण आंघोळीला गेला की दुसरा त्याची ट्रंक उघडायचा. मी खिडकीतून पाहिलं आणि आत गेलो.

"काय शोधतोस?"

"तो कितव्या धड्यापर्यंत आलाय, तेवढंच बघत होतो."

दुसऱ्या दिवशी हा आंघोळीला गेला आणि त्याने ह्याची उघडली.

मी वकीलसाहेबांना जाऊन सांगितलं, "साहेब, आपल्याकडे हेर एक नाही, बावीस आहेत. पण सरकारचा एकही दिसत नाही."

साहेब म्हणाले, "मला हेर नकोत, कागद आणणारा पाहिजे. दफेदार, चार दिवस गेले."

*

बावीस म्हटलं खरं, पण त्यातलं एक नाव मी पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवलं होतं. गंगाधर.

वसमतकडचा, कुणब्याच्या घरचा. हौदाजवळच्या पाटावर बसणारा. सबंध बोर्डिंगात उघड्यावर वाचणारा हा एकटा. फाटकात माझ्या शेजारी एक स्टूल टाकायचा, हाडांचं जाड पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि मोठ्याने घोकायचा. अडलं की जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून विचारायचा, "अरे, हे हाड कुठं असतं रे?"

पोरं त्याला पाहून दुसरीकडून वळायची. त्या पोरांत शिवी दिलेली चाले, पण शंका विचारलेली चालत नसे. शंका विचारली म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल केलं.

मी एकदा म्हटलं, "खोलीत बसून वाच की."

"नको काका. खोलीत सगळे ऐकतात आणि ऐकत नाही असं दाखवतात. तुम्ही खरंच ऐकत नाही. मला बरं वाटतं."

रोज दुपारी तो बाहेर जायचा. मी न विचारता लिहायचो: हॉस्पिटल. कधी लिहायचो: लायब्ररी. जो उघड्यावर बसतो त्याच्याजवळ लपवायला काय असणार, असा माझा हिशेब.

वकीलसाहेबांचंही तेच मत. म्हणाले, "तो ना? त्याला स्वतःची चप्पल सापडत नाही."

*

आठ दिवस व्हायच्या आत अमीनच आला. रविवार होता, सकाळची जेवणं चालली होती. सोबत सहा शिपाई.

"दफेदार साब, लौंडों को आँगन में खड़ा करो. कोई कुछ लेके नई हिलना."

पोरं खरकट्या हातांनी अंगणात उभी राहिली. शिपाई खोल्यांत शिरले. पहिल्या खोलीतून गादीच्या आतून कागदांचं बाड निघालं. दुसऱ्या खोलीत कौलांखालून. तिसऱ्यात पिठाच्या डब्यातून. कोणी कंदिलाच्या खोक्यात ठेवलेले, कोणी देवाच्या तसबिरीमागे. अमीनचा चेहरा उजळत चालला. अंगणात ढीग झाला. मनात म्हटलं, एक नाही, सगळेच होते. गेलं बोर्डिंग.

"किसके हैं ये?"

पोरं ढिगाकडेच बघत राहिली.

"मैं पूछ रा हूँ, किसके हैं?"

तेवढ्यात सातव्या खोलीतला एक जण ढिगाकडे वाकला. "हे तर नरहरचं अक्षर आहे. आणि हा म्हणायचा, मी वहीच ठेवत नाही."

दुसरा वाकला. "मागच्या वर्षाचे प्रश्न! माधव, आईची शपथ घेऊन नाही म्हणालास ना रे?"

"तू नाही का म्हणालास नोट्स पावसात भिजल्या? ह्या काय कोरड्या ठणठणीत आहेत."

मग रांग राहिली नाही. शिपाई लाठ्या घेऊन उभे, आणि पोरं गुडघ्यांवर बसून एकमेकांचे कागद उलटतायत. कोणी घाईने पाठ करतोय. सातव्या खोलीतल्या दोघांनी एकमेकांची गचांडी धरली, ती पोलिसांना सोडवावी लागली.

अमीनने चार-दोन कागद उचलून पाहिले. हाडं, आतडी, काळीज. फाटकाजवळ येऊन तो माझ्या खुर्चीत बसला. शेजारच्या स्टुलावर गंगाधरचं पुस्तक होतं. मी चहा दिला. त्याने दोन घोट घेतले आणि कप त्या पुस्तकावर ठेवला.

"कैसे लोगां हैं ये? पुलिस से नई डरते, एक-दूसरे से डरते."

चहा संपवून तो शिपायांना घेऊन गेला.

गंगाधर एवढा वेळ हौदाजवळ उभा होता. पोलीस कोपऱ्यावरून वळले तसा तो आला. कप उचलून माझ्या हातात दिला. पुस्तकावर चहाचा गोल उमटला होता, तो बाहीने पुसला. पुसताना पुस्तक थोडं उघडलं. पानापानात छापलेले कागद होते. शाईचा वास येत होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"बाहेर चाललो, काका."

"कशासाठी?"

"अभ्यासासाठी."

मी वही ओढली आणि लिहिलं: अभ्यासासाठी.

संध्याकाळी वकीलसाहेबांनी विचारलं, "कोणी सापडला?" मी म्हटलं, "नाही." त्या दिवसापासून वहीत रोज ती एक ओळ पडू लागली. त्याआधी मी वहीत जाणूनबुजून खोटी ओळ लिहिली नव्हती.

*

कागद वाटायचे तर वर्गात बसून वाटता येत नाहीत. गंगाधरची हाजिरी कमी भरली आणि कॉलेजने त्याचं नाव काटलं. ज्या जागेसाठी आख्खा जिल्हा झुरायचा, ती गेली. तो ट्रंक उचलून गावी गेला. मला म्हणाला, "काका, बोर्डिंग वाचलं ना, झालं."

पोरांत फक्त एकाला वाईट वाटलं. ज्याला आता हौदाजवळ बसावं लागणार होतं त्याला.

*

मग सप्टेंबरात फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत राज्य बदललं. बोर्डिंगावर तिरंगा लागला. पोरांनी तो लावताना दोरी कोणी ओढायची यावरून भांडण केलं आणि शेवटी मार्कांवर ठरवलं.

पुढे वकीलसाहेबांकडे नव्या सरकारचा निरोप आला. चळवळीपायी ज्याचं शिक्षण बुडालं किंवा मागे पडलं, त्याच्यासाठी एक जागा. कॉलेजात परत दाखला मिळेल आणि पुढच्या शिक्षणातही त्याचा आधी विचार होईल. आमच्या बोर्डिंगातून एकच नाव जायचं होतं.

आठवड्यात पाच पोरं माझ्याकडे येऊन गेली. नरहर पहिला, सवयीप्रमाणे.

"दफेदारकाका, ते कागद माझे होते, तुम्हाला तर माहीतच आहे."

"मला?"

"तुम्हीच मला पहाटे गच्चीवर पकडलंत की."

मग माधव. "दर रविवारी मी मामाकडे जात होतो, ते काय खरंच मामाकडे?"

"नाही. मुन्शीजींकडे."

"मुन्शीजी वरून मुन्शीजी होते, काका."

सातव्या खोलीतले दोघे जोडीने आले. ते म्हणे एकमेकांच्या ट्रंकांवर पहारा ठेवत होते, सरकारी माणसाचा हात लागू नये म्हणून. पाचवा गंगाधरच्या जागी हौदाजवळ आलेला. तो म्हणाला, मी मुद्दाम कमी मार्क पाडले, कोणाला संशय येऊ नये म्हणून. ह्याला मात्र मी मनात दाद दिली.

पाचांनीही पत्रं आणली. गावच्या पुढाऱ्यांची, वकिलांची, कोणाच्या मामाची. शिक्के होते, सह्या होत्या, सोबत तेव्हाची म्हणून तारीखवार टिपणं होती. कागद चांगला जाड होता.

मी वसमतच्या पत्त्यावर स्वतःच्या हाताने कार्ड लिहिलं: लगेच ये. वही माझ्याकडे आहे.

*

कोठी भागातल्या कचेरीत नवे साहेब आले होते. नागपूरकडचे, मराठी बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. पाच पोरं इस्त्रीचे कपडे घालून बाकावर बसली होती. वकीलसाहेब खुर्चीत. गंगाधर रात्रभर गाडीत उभा राहून आला होता, तो दाराजवळ उभाच राहिला.

साहेबांनी पाचही पत्रं वाचली. मग मला विचारलं, "फाटकावर तुम्ही होता?"

"होतो."

"कागद कोणाचे होते?"

"ह्याचे. गंगाधरचे. मी डोळ्यांनी पाहिले."

बाकावर खुसफुस झाली. वकीलसाहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी वर्षभर नाही म्हणालो होतो.

"वही दाखवा," साहेब म्हणाले. त्यांनी सावकाश पानं उलटली. "इथे तर लिहिलंय, अभ्यासासाठी. रोज. महिनेच्या महिने."

"मी खोटं लिहिलं, साहेब."

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

आयुष्यात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी पगडी नीट केली. ज्या ओळीने पोराला वाचवलं, तीच त्याला आता बुडवत होती, आणि ती माझ्या अक्षरात होती.

साहेब गंगाधरकडे वळले. "तुमच्याजवळ एखादं पत्र?"

"नाही."

"पोलिसांची नोंद? कोणाची चिठ्ठी? एखादा उरलेला कागद?"

"काही नाही, साहेब."

"मग मी काय करू? ह्या पाचांजवळ सगळं आहे. कोणत्या दिवशी कुठे गेले, कोणाकडून कागद घेतले, कोणाला दिले. सगळं तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवलेलं, नावांसकट."

गंगाधरने मान वर केली. "नावांसकट?"

"हो. नावांसकट."

त्याने बाकावरच्या पाचांकडे एकदा बघितलं. रागाने नाही. हौदाजवळून ताटांच्या रांगेकडे बघायचा तसं.

"मग साहेब, फार निष्काळजीपणे काम केलं ह्यांनी. अमीनला सापडली असती ती नावं."

साहेबांनी चष्मा काढला. पाच पत्रं एकावर एक रचली आणि पालथी ठेवली. एक कोरा कागद पुढे ओढला.

"नाव काटलं तेव्हा कोणत्या वर्षाला होता?"

"दुसऱ्या."

"रोल नंबर?"

गंगाधरने सांगितला. साहेबांनी लिहून घेतला.